स्वयंचलित यंत्रे : चालकाचे वय, अनुभव आणि ताबा

(कळमनुरी येथे शेतकऱ्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सोयाबीन, हळद, तूर या पिकांविषयी आपण नेहमीच बोलतो. आजचा विषय पिकाचा नाही. पीक ज्या यंत्राने घेतले जाते, त्या यंत्रावर बसणाऱ्या माणसाचा आहे.

विदर्भात अकोला जिल्ह्यामध्ये २०२५ च्या खरिपात ऑटोपायलट बसविलेल्या ट्रॅक्टरने सोयाबीनची पेरणी झाली. चालकाचे हात स्टिअरिंगवर नाहीत, आणि ओळी मात्र दोरी लावल्यासारख्या सरळ. ही बातमी गावोगाव पोचली, तेव्हा दोन प्रकारची मते ऐकू आली. काही म्हणाले, "आता शाळेतले पोरगेही पेरणी करील." काही म्हणाले, "आता म्हाताऱ्या माणसालाही बसवता येईल, हाताला जोर लागतोच कुठे?" दोन्ही मतांत एकच समजूत आहे. यंत्र हुशार झाले की चालक कसाही चालतो, ही ती समजूत होय. ती धोक्याची आहे. कशी, ते आज पाहू.

आपोआप म्हणजे किती आपोआप?

'आपोआप' हा शब्द आपल्या ट्रॅक्टरला नवा नाही. नांगरट करताना जमीन कडक लागली की लिफ्ट अवजाराला जरा वर उचलते आणि मऊ जमीन आली की पुन्हा खाली सोडते. याला आपण ड्राफ्ट कंट्रोल म्हणतो. हॅरी फर्ग्युसन यांनी तीन बिंदूंच्या जोडणीची ही कल्पना मागील शतकाच्या तिसऱ्या दशकात विकसित केली. म्हणजे यंत्राने स्वतः निर्णय घेणे शंभर वर्षांपासून चालू आहे. फरक एवढाच, की तेव्हा यंत्र फक्त खोली ठरवीत होते.

दुसरी पायरी ऑटोस्टिअरची. उपग्रहांकडून येणारा सिग्नल आणि जमिनीवरील केंद्राकडून मिळणारी दुरुस्ती यांच्या आधारे ट्रॅक्टरला आपली जागा दोन-तीन सेंटिमीटरच्या फरकाने कळते. चालक शेताच्या एका टोकाला 'अ' बिंदू व दुसऱ्या टोकाला 'ब' बिंदू नोंदवितो. त्या रेषेला समांतर ओळी यंत्र स्वतः धरते आणि स्टिअरिंगवरील मोटार चाक फिरविते. रुंद वरंबा सरी पद्धतीने पेरणी करणाऱ्यांना याचा उपयोग मोठा आहे. सऱ्या सरळ आल्या की पुढे कोळपणी व फवारणीच्या वेळी पीक चाकाखाली येत नाही. दोन फेऱ्यांमध्ये जागा सुटत नाही व बियाणे दुबार पडत नाही.

परंतु हे यंत्र काय करीत नाही, तेही लक्षात घ्यावे. साध्या ऑटोस्टिअरला डोळे नाहीत. ते दिशा धरते, समोरचे पाहत नाही. कठडा नसलेली विहीर, विजेच्या खांबाची ताण तार, बांधावरून उतरलेली शेळी, सावलीला निजलेले मूल यांपैकी त्याला काहीही दिसत नाही. ब्रेक लावणे, अवजार उचलणे आणि बहुतेक साध्या संचांत टोकाला वळणे ही कामे चालकाचीच राहतात.

तिसरी पायरी पूर्ण चालकविरहित ट्रॅक्टरची. महिंद्र कंपनीने असा ट्रॅक्टर २०१७ मध्ये चेन्नईजवळ दाखविला. अमेरिकेतील जॉन डीअर कंपनीने जानेवारी २०२२ मध्ये कॅमेऱ्यांच्या सहा जोड्या बसविलेला मोठा ट्रॅक्टर पुढे आणला. त्या यंत्राला अडथळा दिसतो व ते थांबते. आपल्याकडे येणारी यंत्रे मात्र पुष्कळ वर्षे दुसऱ्या पायरीवरचीच असणार. तेथे माणूस बसलेला असतो, पण काम यंत्र करते. चालकाचा कस खरा याच अर्धवट पायरीवर लागतो.

ताबा परत घेण्याचा क्षण

यंत्र चालविता चालविता कधी तरी म्हणते, "आता तुम्ही सांभाळा." सिग्नल तुटतो, झाडाच्या किंवा टेकडीच्या आड उपग्रह दिसेनासे होतात, मोबाईलचे नेटवर्क जाते. पडद्यावर 'फिक्स' असे दिसत होते, तेथे 'फ्लोट' दिसू लागते, म्हणजे अचूकता गेली. कधी शिटी वाजते, आणि इंजिनाच्या व गाण्याच्या आवाजात ती ऐकू येत नाही. त्या क्षणी चालकाला किती वेळ लागतो, यावर सारे अवलंबून असते.

इंग्लंडमधील साउदॅम्प्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात स्वयंचलित मोटारीचा ताबा परत घेण्यास चालकांना १.९ सेकंदांपासून २५.७ सेकंदांपर्यंत वेळ लागल्याचे आढळले. तेथे तातडीचा प्रसंग नव्हता, चालकांना सवडीने ताबा घ्यावयाचा होता. तरी माणसामाणसांतील फरक पाहा. आता हा हिशेब आपल्या वावरात लावू. पेरणीच्या वेळी ट्रॅक्टर ताशी ५ किलोमीटर वेगाने चालतो असे धरले, तर तो एका सेकंदात सुमारे १.४ मीटर पुढे जातो. चपळ चालकाने ताबा घेईपर्यंत ट्रॅक्टर पावणेतीन मीटर गेलेला असेल. सर्वांत सावकाश चालकाच्या बाबतीत तो ३५ मीटरांहून पुढे गेलेला असेल. या ३५ मीटरांत आपल्या शेतात काय काय येते, ते तुम्हीच आठवून पाहा. बांध येतो, नाला येतो, विहीर येते.

विहिरीचे नाव घेतले की आपल्या जिल्ह्याला एक दिवस आठवतो. ४ एप्रिल २०२५ रोजी वसमत तालुक्यातील गुंज येथील मजूर महिलांना घेऊन जाणारा ट्रॅक्टर नांदेड तालुक्यातील आलेगाव शिवारात विहिरीत कोसळला आणि ७ महिलांचा जीव गेला. त्या अपघाताचा स्वयंचलित यंत्राशी काही संबंध नाही. पण आपल्या शिवारात विहीर आणि ट्रॅक्टर एकमेकांच्या किती जवळ असतात, आणि एका चालकाच्या हातात किती जणींचे प्राण असतात, हे त्यातून कळते. नवे यंत्र येईल ते याच शिवारात येईल.

ताबा घेणे म्हणजे नुसते चाकावर हात ठेवणे नव्हे. हात एका सेकंदात जातो. आपण कोठे आहोत, काय बिघडले आणि आता काय करावयाचे, हे डोक्यात यायला जास्त वेळ लागतो. वयाचा व अनुभवाचा प्रश्न येथेच येतो.

वय वाढल्याने काय होते?

चाळिशीनंतर जवळचे दिसणे कमी होते. डोळा समोरच्या विहिरीवरून हाताजवळच्या पडद्यावर आणि पुन्हा समोर फिरविण्यास वेळ लागू लागतो. साठीच्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या माणसाच्या मानाने सुमारे एक तृतीयांशच प्रकाश पोचतो. म्हणून तिन्हीसांजेला त्यांना अडचण होते आणि समोरून येणाऱ्या दिव्याने डोळे अधिक दिपतात. मान आखडल्याने मागे वळून अवजार पाहणे नको वाटते. वर्षानुवर्षे ट्रॅक्टरच्या आवाजात काम केल्याने बारीक शिटी ऐकू येत नाही. यंत्राचा इशारा नेमका शिटीनेच येतो, हे विसरू नये.

यावरून वयस्कर माणूस यंत्रावर बसवूच नये, असा निष्कर्ष मात्र निघत नाही. जर्मनीतील म्युनिक तांत्रिक विद्यापीठात ६० वर्षांवरील ३६ व २८ वर्षांपर्यंतच्या ३६ चालकांची तुलना करण्यात आली. तिचे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. अचानक ताबा घ्यावा लागला तेव्हा वयस्कर चालकांनी प्रसंग तरुणांइतकाच चांगला निभावला. फरक रीतीत होता. वयस्करांनी ब्रेक जास्त वेळा व जास्त जोराने लावला आणि समोरच्या अडथळ्यापासून अंतर जास्त राखले. इंग्लंडमधील न्यूकॅसल विद्यापीठाच्या २०१८ मधील अभ्यासात मात्र वयस्कर चालकांना प्रतिसाद देण्यास व निर्णय घेण्यास तरुणांपेक्षा अधिक वेळ लागल्याचे दिसले. दोन्ही अभ्यास एकत्र वाचले तर अर्थ असा निघतो, की वेळ मिळाला तर वयस्कर माणूस आपल्या सावध सवयीने उणीव भरून काढतो. वेळच मिळाला नाही तर भरून काढता येत नाही. म्हणून त्याला वेळ मिळेल अशी व्यवस्था करणे हे मालकाचे काम आहे.

तरुणांचे काय? त्यांचे डोळे, कान व हात चपळ असतात आणि पडद्यावरची बटणे ते एका दिवसात शिकतात. पण त्यांचे लक्ष लवकर दुसरीकडे जाते. अमेरिकेतील २०१७ मधील एका अभ्यासात यंत्र गाडी चालवीत असताना चालकांना मोकळे सोडले, तेव्हा तरुण मुख्यतः मोबाईलसारख्या उपकरणांत रमले आणि वयस्कर मंडळी मुख्यतः गप्पांत रमली. आपल्याकडे काही वेगळे घडेल असे मानण्याचे कारण नाही. तरुणाच्या हातात मोबाईल असेल आणि आजोबा मडगार्डवर बसलेल्या पाहुण्याशी बोलत असतील. लक्ष दोघांचेही ओळीवर नसेल.

अनुभव कशाचा?

अनुभवाचा उपयोग होतो, याबद्दल शंका नाही. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या २०१६ मधील अभ्यासात असे दिसले, की ताबा परत घेताना अनुभवी चालकाला सभोवतालची परिस्थिती नवशिक्यापेक्षा लवकर उमजते. कोठे धोका असू शकतो हे त्याच्या डोळ्यांना आधीच ठाऊक असते. पंधरा वर्षे काळ्या जमिनीत ट्रॅक्टर चालविलेल्या माणसाला इंजिनाचा आवाज बदलला की कळते, मागचे चाक रुतू लागले आहे. यंत्राच्या पडद्यावर ते नंतर दिसते.

पण अनुभव किती वर्षांचा, यापेक्षा तो कशाचा, हा प्रश्न मोठा आहे. वडिलांना ट्रॅक्टरचा अनुभव आहे, मुलाला मोबाईलचा आहे. यंत्राकडून ताबा काढून घेण्याचा अनुभव दोघांनाही नाही. ती तिसरीच कला आहे आणि ती वेगळी शिकावी लागते.

आपल्या जुन्या मंडळींना ही कला एका अर्थाने ठाऊक होती. बैल स्वतःच्या बुद्धीने चालणारे जनावर. बाजारावरून परतताना गाडीवानाचा डोळा लागला तरी बैल घर गाठीत. पण कासरा हातातून सुटत नसे. समोर ट्रकचा दिवा दिसला किंवा नाल्याला पाणी दिसले, की क्षणात कासरा ताणला जाई. कोणते बैल कोठे बुजतात, हे गाडीवानाला पाठ असे. नवा गोऱ्हा शिकवायचा तर त्याला जाणत्या बैलाच्या जोडीला जुंपत, दोन गोऱ्हे एकत्र जुंपत नसत. यंत्राच्या बाबतीतही यापेक्षा वेगळे काही करावयाचे नाही.

अनुभवी माणूसही का फसतो?

ब्रिटिश संशोधिका लिझान बेनब्रिज यांनी १९८३ मध्येच एक विसंगती दाखवून दिली. यंत्र सोपी कामे आपल्याकडे घेते आणि अवघड प्रसंग माणसावर सोडते. रोजचा सराव गेल्यामुळे त्या अवघड प्रसंगाला माणूस पूर्वीपेक्षा कमी तयार असतो.

याचे दुःखद उदाहरण विमानाचे आहे. १ जून २००९ रोजी रिओ दि जानेरोहून पॅरिसला निघालेल्या एअर फ्रान्सच्या विमानाच्या वेगमापक नळ्यांत बर्फाचे कण साचले. वेग चुकीचा दिसू लागला आणि ऑटोपायलट बंद पडला. विमान उडण्यासारख्या स्थितीत होते. वैमानिक प्रशिक्षित होते, कप्तानाला हजारो तासांचा अनुभव होता. परंतु विमानाचा आधार सुटून ते खाली पडत आहे, हे ओळखले गेले नाही आणि साडेचार मिनिटांच्या आत ते समुद्रात कोसळले. २२८ माणसे मृत्युमुखी पडली. त्यानंतर जानेवारी २०१३ मध्ये अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने वैमानिकांनी हाताने विमान चालविण्याचा सराव वाढवावा, असे विमान कंपन्यांना सुचविले.

जमिनीवरचे उदाहरण १८ मार्च २०१८ चे आहे. अमेरिकेतील टेम्पी शहरात चाचणीवर असलेल्या स्वयंचलित मोटारीने रस्ता ओलांडणाऱ्या महिलेला धडक दिली व तिचा मृत्यू झाला. धडकेच्या ५.६ सेकंद आधी यंत्राला समोर काही तरी दिसले होते, पण ते काय आहे हे त्याला ठरविता आले नाही. देखरेखीसाठी बसविलेली व्यक्ती त्या वेळी मोबाईलवर चित्रफीत पाहत होती. ५.६ सेकंद पुष्कळ होतात, पण समोर पाहणाऱ्यालाच.

आपल्या घरचे उदाहरण म्हणजे पंपाचा ऑटो स्टार्टर. लाईट आली की मोटार आपोआप सुरू होते, ही मोठी सोय. पण लाईट नाही म्हणून कोणी मुख्य बटण न पाडता मोटारीला हात लावला आणि त्याच वेळी लाईट आली, तर ती सोयच घात करते. यंत्र आपल्या गैरहजेरीतही काम करते, हे विसरणे हीच सर्वांत मोठी चूक.

ड्रोनचा विचार

फवारणीचे ड्रोन आता आपल्या भागात नवे नाहीत. केंद्र शासनाने २०२३ मध्ये मंजूर केलेल्या नमो ड्रोन दीदी योजनेत देशातील १५,००० महिला बचत गटांना ड्रोन देण्याचे ठरले. ट्रॅक्टरच्या स्वयंचलनापेक्षा येथे कायदा अधिक स्पष्ट आहे. ड्रोन नियम २०२१ नुसार चालकाचे वय १८ ते ६५ वर्षे असावे, तो दहावी उत्तीर्ण असावा आणि अधिकृत संस्थेतून प्रशिक्षण घेतलेला असावा. वय, शिक्षण आणि सराव या तिन्हींचा विचार या नियमात एकत्र केलेला आहे.

ड्रोन नकाशाप्रमाणे आपोआप फिरतो, तोवर सोपे वाटते. संपर्क तुटला की तो ठरवून दिलेल्या उंचीवरून निघालेल्या जागी परत येतो. ती उंची लिंबाच्या झाडापेक्षा किंवा तारांपेक्षा कमी ठेवली असेल, तर तो सरळ जाऊन आदळतो. हाताने ताबा घेतला आणि ड्रोनचे तोंड आपल्याकडे असले, तर डावे-उजवे उलटे होते. घाबरलेला नवशिका नेमका येथे चुकतो. हे नुसते ऐकून येत नाही, टाकीत साधे पाणी भरून मोकळ्या रानात सराव केल्यानेच येते.

काय करावे?

१. नवशिक्या चालकाने पहिला हंगाम साध्या ट्रॅक्टरवर काढावा. वखरणी व पेरणी हाताने सरळ जमल्यावरच ऑटोस्टिअर हाती द्यावे.

२. जाणत्या चालकानेही दर दहा ओळींमागे एक ओळ हाताने घ्यावी. हात विसरत नाहीत आणि डुलकीही येत नाही.

३. हंगामापूर्वी ताब्याची तालीम करावी. रिकाम्या वावरात, अवजार उचलून, कमी वेगात ऑटोस्टिअर लावावे. बांधावर सुरक्षित उभ्या असलेल्या माणसाने अचानक हाक द्यावी. चालकाने ताबा घेऊन ट्रॅक्टर थांबवावा. हाकेपासून थांबेपर्यंतचे अंतर मोजून लिहून ठेवावे. घरातील प्रत्येक चालकाचे अंतर वेगळे येईल. वयाचा वाद घालण्यापेक्षा हे माप खरे मानावे.

४. शेताची सीमा यंत्रात भरताना विहीर, नाला, खांब व ताण तार यांच्यापासून त्या मापाच्या किमान दुप्पट अंतर सोडावे. ज्याचे माप ७ मीटर, त्याने १५ मीटर सोडावे. त्या पट्ट्यात ट्रॅक्टर हातानेच चालवावा. विहिरीला कठडा बांधणे हा उपाय कोणत्याही यंत्रापेक्षा स्वस्त आहे.

५. चाळिशीनंतर डोळ्यांची व कानांची तपासणी नियमित करावी. साठीपुढील चालकाने अंधारात ऑटोस्टिअरवर काम करू नये. शिटीचा आवाज ऐकू येत नसेल, तर पडद्यावरचा इशारा मोठा व ठळक करून घ्यावा.

६. काम चालू असताना मोबाईल खिशात व गाण्याचा डेक बंद असावा. दर दोन तासांनी खाली उतरून पाय मोकळे करावेत. मात्र ट्रॅक्टर चालू असताना सीट सोडू नये.

७. मडगार्डवर किंवा अवजारावर कोणालाही बसवू नये. ट्रॅक्टर मागे उलटू लागला, तर पाऊण सेकंदानंतर तो सावरता येत नाही आणि दीड सेकंदात जमिनीवर आदळतो. इतक्या वेळात तरुणही उडी मारू शकत नाही.

८. रस्त्यावर येण्यापूर्वी ऑटोस्टिअर बंद करावे. रस्त्यावर ट्रॅक्टर चालविण्यास वयाची १८ वर्षे पूर्ण व परवाना आवश्यक आहे. २०१९ च्या दुरुस्तीनुसार अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केल्यास पालकास किंवा मालकास ३ वर्षांपर्यंत कैद व २५ हजार रुपये दंडाची तरतूद आहे. वयाच्या ५५ वर्षांनंतर परवान्याचे नूतनीकरण ५ वर्षांसाठीच होते, यामागचा हेतूही समजून घ्यावा.

९. यंत्र घेण्यापूर्वी विक्रेत्याला चार प्रश्न विचारावेत. सिग्नल गेल्यास ट्रॅक्टर थांबतो की तसाच पुढे जातो? चाक हाताने फिरविल्यास यंत्र लगेच सुटते का? चालक सीटवरून उठल्यास काय होते? पडद्यावरील सूचना मराठीत दिसतात का? उत्तरे तोंडी न घेता शेतात करून दाखवावयास सांगावीत.

१०. शक्य तेथे जुन्या व नव्याची जोडी करावी. मुलाने वडिलांना पडदा शिकवावा, वडिलांनी मुलाला जमीन शिकवावी. पहिल्या काही दिवसांत एकाने ट्रॅक्टरवर बसावे आणि दुसऱ्याने बांधावरून लक्ष ठेवावे.

बंधू-भगिनींनो, जपानमध्ये शेतीत काम करणाऱ्यांचे सरासरी वय सत्तरीच्या घरात पोचले आहे, म्हणून तेथे ही यंत्रे वेगाने येत आहेत. आपल्याकडेही मुले शहरात आणि शेत आई-वडिलांवर, अशी घरे वाढत आहेत. त्यांना या यंत्रांचा आधार होईल आणि तो घ्यावा. पेरणीची घात साधण्यासाठी तर ती फारच उपयोगी पडतील. मात्र ट्रॅक्टरवर कोणाला बसवावयाचे, हे त्याच्या वयावरून किंवा 'मला सगळे येते' या बोलण्यावरून ठरवू नका. रिकाम्या वावरात हाक देऊन पाहा, अंतर मोजा आणि मग ठरवा. येत्या पेरणीपूर्वी हे काम एका सकाळीत होण्यासारखे आहे.